अटीत नसलेली आग

ट्रक मारुतीच्या पारापाशी उभा होता. सोडायला आलेली सगळी माणसं पाराच्या सावलीत बसली होती आणि आमचे आबा रस्त्याच्या पलीकडे उन्हात उभे होते. पार मारुतीचा, म्हणून त्याची सावलीही मारुतीची, असं त्यांचं म्हणणं. दसरा होऊन गेला होता, पण ऊन चैत्रातल्यासारखं होतं, कारण त्या वर्षी पाऊस असा झालाच नव्हता. मी ट्रकमध्ये एका पत्र्याच्या पेटीवर बसले होते. शेजारी ज्वारीचं पोतं, दोन कोयते आणि आठ दिवसांपूर्वी झालेला नवरा.

आबांनी रस्ता ओलांडला नाही. तिथूनच, अख्ख्या ट्रकला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी माझ्याकडून अटी पुन्हा म्हणून घेतल्या.

"मांस?"

"न्हाई."

"कोन्या देवाचा प्रसाद?"

"न्हाई."

"पाणी?"

"गाळून."

"मग तुझं पान आत हाय," आबा म्हणाले.

ट्रकमधल्या बायका पदरात हसल्या. मुकादम फळीवर हात आपटून ड्रायव्हरला म्हणाला, "चल बे, शाळा सुटली." माय आबांच्या मागे उभी होती.  ट्रक वळला तेव्हा आबा अजून उन्हातच होते.

मी हे लिहिते आहे ते माझ्या भावाच्या मुलांसाठी, आणि आमच्यासारख्या घरांतून उठून पुण्याला, सुरतेला, आणखी कुठे गेलेल्यांसाठी. पंथाचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि माझं भांडण पंथाशी नव्हतंच. ते एका माणसाशी होतं आणि एका शब्दावरून होतं.

आमचं गाव बीडजवळच्या पालीपासून चार कोसांवर. गावात आमच्या पंथाची सहा घरं. आम्ही एकमेकांना भेटलो की दंडवत म्हणायचो, बाकी गाव रामराम. आम्ही दुसऱ्या देवाच्या देवळात जायचो नाही, त्याचा प्रसाद खायचो नाही, जीव मारायचो नाही, पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय प्यायचो नाही. शाळेत गणपतीला साखर-खोबरं वाटत तेव्हा मी ते मुठीत धरून उभी राहायची आणि शाळा सुटल्यावर मुंग्यांच्या वारुळापाशी ठेवून द्यायची. सगळं गाव कपिलधारला जायचं. धबधबा किती उंच आहे, हे मी वर्गातल्या मुलींच्या तोंडून ऐकलं, कारण तिथे देऊळ होतं आणि म्हणून पाणीसुद्धा आमच्या वाट्याचं नव्हतं.

हे सगळं मला जाच वाटायचं, असं आज सांगितलं तर ते खोटं होईल. लहानपणी मला त्याचा तोरा होता. बहात्तरच्या दुष्काळात आबा खडी फोडायला जात. मी आठ-नऊ वर्षांची, त्यांची भाकरी घेऊन जायची. ते प्रत्येक दगड आधी उलटून बघत. खाली विंचू असला तर त्याला पळसाच्या पानावर घेऊन बांधापलीकडे सोडत आणि मग घण मारत. कामावरचा कारकून म्हणायचा, "काय हो, विंचवालाबी हजेरी लावू का?" आबांचं काम रोज इतरांपेक्षा कमी भरायचं. त्यांनी दगड उलटणं सोडलं नाही. मला वाटायचं, असा माणूस अख्ख्या कामावर एकच आहे, आणि तो माझा बाप आहे.

माझी थोरली बहीण राधा, आम्ही तिला आक्का म्हणायचो, सोळाव्या वर्षी मठात गेली. काळं लुगडं नेसून, झोळी घेऊन, ती पहिल्यांदा आमच्याच दारात भिक्षेला आली तेव्हा माय भाकरी घेऊन बाहेर आली आणि आपल्याच लेकीला दंडवत घालून तिनं ती झोळीत टाकली. घरात मानाची गोष्ट होती ती. दुसरी मी. मीही जावं, असं आबांच्या मनात होतं. तसं त्यांनी कधी बळजबरीनं म्हटलं नाही, पण स्थळं बघायचं नावही काढलं नाही. मी एकोणीस वर्षांची झाले आणि विहीर आटली.

त्या वर्षी मठात जायचं म्हणजे दोन वेळच्या अन्नाची सोय होती, हेही खरं. मी महिनाभर तिथे राहून पाहिलं. पोथ्या वाचायला मला आवडायचं. पण भिक्षेला निघालो की माझं मन बिघडायचं. कुणी शिळं टाकलं की मी त्या बाईच्या तोंडाकडे बघायची. मठातले मोठे बाबा मऊ माणूस होते. त्यांनीच आबांना सांगितलं, "पोरीला आत घेऊ नगा. दारात भाकर पडली की ही म्हणंल, लहान हाय, दुसरी द्या." आबा हसले नाहीत. मी हसले, कारण ते अगदी बरोबर होतं.

आमच्या पंथातलं कुणी ऊसतोडीला जात नसे. बाकी गाव जायचं. तोडीला माणूस एकटा जात नाही, जोडपं जातं. एक तोडतो, एक मोळी बांधते, आणि त्या जोडप्यालाच एक कोयता म्हणतात. आमच्या मागच्या आळीतल्या सोपानबरोबर तोडीला जाणारा त्याचा भाऊ झाडावरून पडून पाय मोडून बसला होता, आणि सोपानला जोडीदार नव्हता. त्याची आई दारात बसून मुकादमाला काय सांगायचं याची काळजी करत होती. मी सरळ तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मोळी बांधाया माणूस पायजे ना तुमाला?"

"पायजे. तू कावून इचारतीस?"

"मी येते. पण लगीन करून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमच्यात बोकड चालत न्हाई म्हणं."

"मी खाणार न्हाई. तुमी खा. माझी चूल येगळी."

"येगळ्या चुलीला जळण कोन आणनार?"

"मीच आणनार. तुमाला सून पायजे का सरपण?"

सोपान आत गोणी शिवत होता. तो दाराशी येऊन म्हणाला, "आये, हिला मुकादमाशी बोलाया लाव." तोच त्याचा होकार मी धरला. लग्नापासून आजवर मी सोपानला मालक म्हणत आले, पण घरातली बोलणी माझ्याकडे आहेत ती त्या दिवसापासून.

खरी बोलणी आबांशी झाली, मठाच्या अंगणात, बाबांच्या समोर. आबांकडे सहा अटी होत्या. नवऱ्यानं पंथाचा उपदेश घ्यावा, ही मी पहिल्यांदा काढून टाकली. तो घेणार नव्हता, त्याच्या आईचा खंडोबा होता. दर पौर्णिमेला मठात यावं, ही तोडीच्या गावाच्या अंतरावरून गेली. सासरच्या देवापुढे हात जोडू नयेत, यावर दुपार गेली. शेवटी हात जोडीन पण डोकं टेकणार नाही, एवढ्यावर आलं आणि बाबा म्हणाले, असली अर्धी अट ठेवण्यापेक्षा नसलेली बरी. उरल्या तीन. मांस नाही, प्रसाद नाही, पाणी गाळून. बदल्यात माझी एकच मागणी होती. माहेरी आले की माझं पान माजघरात, घरच्या पंगतीत. आमच्याकडे पंगत ही साधी गोष्ट नव्हती. पंथाबाहेरच्याचं पान ओसरीवर मांडत. तो पाहुणा कितीही मोठा असो, ओसरीवर.

आबा कबूल झाले. मी माझ्या हुशारीवर खूश होते. आणि त्या अंगणात आम्ही तिघंही एक गोष्ट विसरलो, कारण ती आमच्यातल्या कुणाला माहीतच नव्हती. गावात तोडीच्या गोष्टी कानावर यायच्या, कोण कसं पडलं, कुणाचं बाळंतपण फडात झालं. पण उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं, फडात पेटवून देतात, ही कुणी मुद्दाम सांगावी अशी गोष्ट नव्हती. जाणाऱ्यांना ती रोजची, आणि आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

सांगलीकडच्या एका सहकारी कारखान्याच्या गावाला आम्ही उतरलो. माळावर राहायला कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, बांधल्या. पहिल्याच दिवशी मुकादमानं नारळ फोडला आणि खोबरं वाटलं. मी माझा तुकडा शेजारणीला दिला. कोपी सांभाळायला बरोबर आलेली सासू म्हणाली, "आमच्या देवाचं खोबरं तुझ्या घशात अडकतं का गं?"

"देवाचं न्हाई अडकत, आत्या. आबाचं भ्याव अडकतं."

ती हसली. त्यानंतर तिनं मला त्या बाबतीत कधी छळलं नाही, उलट कोपीत बोकड शिजायचं त्या दिवशी माझी चूल ती स्वतः लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडून द्यायची. बाकी बायका हसायच्या. फडातलं पाणी मी पदरानं गाळून प्यायची तर ट्रॅक्टरवाला म्हणायचा, "काय अडकतंय बघा, मासा असला तर मला द्या." पाच महिने मी तीनही अटी पाळल्या. एकदाही मोडल्या नाहीत. एवढ्या तापात, एवढ्या कामात, मला स्वतःला पटणार नाही इतक्या नेटानं पाळल्या, कारण मी सौदा केला होता आणि सौद्यात मी खोटी पडत नाही.

फेब्रुवारीत एका फडात साप फार निघाले. एका माणसाला चावला, तो वाचला. दुसऱ्या दिवशी टोळीनं फड पेटवायचं ठरवलं. वारा बघून चारही बाजूंनी आग लावली. आग बांध ओलांडून शेजारच्या उसात जाऊ नये म्हणून आम्हा बायकांना हातात निंबाच्या ओल्या फांद्या देऊन बांधावर उभं केलं. मी तोवर असं काही पाहिलं नव्हतं. उसाच्या कांड्या बंदुकीसारख्या फुटत होत्या. उंदीर, सरडे, एक मुंगूस बाहेर आलं. एक ससा माझ्या पायाजवळून निघाला आणि धुरात काही न दिसून परत आतच गेला. मी फांदी आपटत राहिले. संध्याकाळी भाकरी केली, ती खाल्ली नाही. पण दुसऱ्या दिवशी खाल्ली आणि फड तोडला. जळका ऊस तोडायला सोपा असतो.

हंगाम संपवून गावी आलो. मी माहेरी गेले ती ताठ मानेनं. माय स्वयंपाकाला बसली होती, आबा माजघरात पंगत मांडत होते, धाकटा भाऊ गोविंद पाट ठेवत होता. मी मायला सगळं सांगत होते, कारण मला माझी पुरी हजेरी द्यायची होती. खोबरं कसं दिलं, चूल कशी वेगळी ठेवली. त्या ओघात फडाचंही सांगितलं. सशाचंही सांगितलं. माझ्या डोक्यात सुद्धा आलं नाही की यात लपवण्यासारखं काही आहे. मायचा हात भाकरीवर थांबला, तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

"जाळलं?" आबांनी विचारलं.

"टोळीनं जाळलं. मी बांधावर हुते."

"कशाला?"

"आग बाहीर येऊ नये म्हणून."

"आग बाहीर येऊ नये म्हणून, का जीव बाहीर येऊ नये म्हणून?"

 आबा उठले, त्यांनी माझं ताट उचललं आणि ओसरीवर नेऊन मांडलं. रागानं नाही. नीट, पाणी फिरवून, पाटासकट.

"ते अटीत नव्हतं," मी म्हणाले.

"जीव मारू नये हे अटीत घालावं लागतं का? मग श्वास घे, हेबी घालाया पायजे हुतं."

"तुमी तीन सांगितल्या. मी तीन पाळल्या. चौथी मनात ठेवली ती तुमी. ही लबाडी हाय."

माझ्या बापाला त्या गावात कुणी लबाड म्हटलं नव्हतं. त्यांच्याकडे दुसऱ्याला द्यायला वाईट शब्दही नव्हता. ते एवढंच म्हणाले, "चुकलं म्हण. पान आत आणतो." मी ओसरीवर गेले, वाढलेलं ताट उपडं घातलं आणि पायऱ्या उतरले. अन्न सांडलं ते मला आजही आठवतं. भरड ज्वारीची भाकरी होती, दुष्काळातली, आणि तिच्यावर मायनं लोणी ठेवलं होतं. ते लोणी कुठून आणलं होतं, कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मठातल्या बाबांचा निरोप आला. एक उपास आणि एक शब्द, मग सगळं साफ. उपास मी तिथल्या तिथे सुरू केला. शब्द दिला नाही.

आम्ही पुढच्या हंगामाला परत गेलो आणि तिसऱ्या हंगामानंतर गावी राहायला परतलोच नाही. उसाचे हिरवे शेंडे, ज्यांना वाढे म्हणतात, ते तोडणाऱ्याच्या वाट्याला येतात. बायका त्यांच्या मोळ्या दुपारी चौकात म्हशीवाल्यांना विकतात. मी तिथे उभी राहिले आणि मला कळलं की देवानं मला कशासाठी घडवलं आहे. बाकीच्या बायका सांज होत आली की पडेल भावात देऊन टाकायच्या. मी त्या सगळ्यांना एका जागी उभं केलं आणि माझा भाव फुटेपर्यंत कुणी मोळी खाली ठेवायची नाही, असं ठरवून घेतलं. एक गवळीण म्हणाली, "बीडकरीण लई ताठ हाय बाई." मी म्हणाले, "ताठ वाढेच म्हस खाती. वाकलेले वाळलेले असतात." पुढे वाढ्यांवरून वैरणीवर आले, वैरणीवरून पेंड आणि सरकीवर. चौकातच गाळा घेतला. गावातल्या दूध सोसायटीच्या सभेत मी पहिल्यांदा उभी राहून बोलले ते पेंडीच्या पोत्याच्या वजनावरून, आणि इतकी भांडले की पुढच्या वर्षी त्यांनी मला संचालक करून टाकलं, बहुधा समोर बसण्यापेक्षा शेजारी बसलेली बरी म्हणून.

माझी भाषा बदलली. 'कावून' म्हटलं की इथले हसत, म्हणून 'का' म्हणायला लागले. माझ्या मुली तर 'काय करालीस' म्हणतात. गावी गेले की शेजारणी म्हणतात, सांगलीची आली. मांस मी अजून खात नाही, पाणी गाळून पिते. नळाचं, फिल्टरचं, तरी फडक्यातून. मालक म्हणतात, "आता कुणाला दाखवायचं?" कुणाला दाखवायचं नाही. माझी बाजू खरी होती, हे मला रोज बघायचं असतं.

वर्षातून एकदा मी माहेरी जायची. जेवायची नाही. बीडच्या स्टँडवर खाऊन जायची आणि ओसरीच्या पायरीवर बसून परत यायची. आबा समोर बसत. पावसाचं, पिकाचं बोलत. निघताना ते म्हणत, "एक शब्द हाय." मी म्हणायची, "तोच तुमच्याकडंबी हाय." मधल्या काळात गोविंद परळीला औष्णिक वीज केंद्रावर कामाला लागला. मी एकदा आबांना म्हणाले, "त्याच्या तिथं डब्बेच्या डब्बे कोळसा जळतो रोज. त्याचं पान कसं आत?"

"कोळशात जीव न्हाई."

"तुमी उलटून बघितला का परतेक तुकडा?"

माय तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला गेली की रडायला, ते मला कळलं नाही. तिचं एकच म्हणणं असे, दर वेळी, मला वेशीपर्यंत पोचवताना. "म्हणून टाक गं देवके. तुझं काय जातं?" तिला कसं सांगू काय जातं ते. मी आयुष्यात कमावलेलं सगळं मी शब्दाला पक्की आहे यावर उभं होतं. मी सौदा मोडला, असं एकदा म्हटलं की मग मी कोण?

माय एकदा माझ्याकडे येऊन राहिली, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. पिशवीत आपलं पीठ, आपला तवा, आपलं गाळायचं फडकं. माझ्या स्वयंपाकघरात ती जेवणार नव्हती, कारण त्या ओट्यावर मालकांचं आणि मुलींचं मटण शिजायचं. तिनं परसात तीन दगड मांडले. मी रागानं खोलीत जाऊन बसले. तासाभरानं तिनं हाक मारली. बघते तर तिनं दोन ताटं वाढली होती.

"हे तुझ्या आबाचं घर न्हाई आन् तुझंबी घर न्हाई," ती म्हणाली. "हे परस हाय. बस."

आठ दिवस आम्ही दोघी परसात जेवलो. वाटाघाटीत मी स्वतःला शहाणी समजते, पण ही जागा मला इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

आक्काही एकदा आली, फिरत फिरत, दोन म्हाताऱ्या तपस्विनींबरोबर. काळं लुगडं विटून करडं झालं होतं. दारात उभं राहून तिनं झोळी पुढे केली. मी भाकरी आणि वरण टाकलं, आणि ती समोरच्या झाडाखाली बसून ते खाऊ लागली. मी जवळ जाऊन बसले.

"माझ्या घरचं चालतं तुला?"

"झोळीत पडलं की ते कुणाचं ऱ्हात न्हाई."

"मग आबांना कावून चालत न्हाई?"

"आबा घर धरून बसलेत. त्यांना उंबरा राखावा लागतो. मी सोडलं, मला सोपं हाय." तिनं भाकरी वरणात बुडवली. "मलाबी तिथं पान न्हाई, देवके. मी दारात उभी ऱ्हाते आन् बाप मला दंडवत घालतो. तू निदान भांडतीस त्यांच्याशी. मला त्यांच्याशी भांडताबी येत न्हाई."

मी तिला आणखी एक भाकरी द्यायला गेले. ती म्हणाली, झोळी एकदाच पुढे करायची असते.

माय गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती गेली ते मी तिच्या घरात जेवलेली तिला परत न दिसता. याचा दोष मी बरीच वर्षं पूर्ण आबांवर घातला. आता निम्मा घालते.

लातूरला रेल्वेनं पाणी नेलं त्या उन्हाळ्यात आमच्या गावातही जनावरांना काही उरलं नव्हतं. गोविंदाचा फोन आला की आबा खाटेवर आहेत आणि बैलाची चौकशी करतात, जो बैल दोन वर्षांपूर्वीच विकला. मी एक ट्रक चारा भरला आणि त्याच ट्रकमध्ये पुढे बसून गेले. चारा गावच्या छावणीवर उतरवून घरी आले. आबांची खाट दाराच्या तोंडाशी होती, वारा यावा म्हणून. घरात दुसरं कुणी नव्हतं. गोविंद परळीला, त्याची बायको टँकरच्या रांगेत. आत पाहिलं तर माजघरात पाट दिसेनात. तिथे टीव्ही होता आणि दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. गोविंदाची पोरं ताट मांडीवर घेऊन टीव्हीपुढे जेवतात, थोरला तर पुण्याला मेसमध्ये काय खातो, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी विचारत नाही. ज्या पंगतीसाठी मी बत्तीस वर्षं भांडले, ती मोडून किती दिवस झाले होते, हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला चक्क राग आला. असा आला की मी पाण्याचा तांब्या आपटला.

"कोन हाय?"

"मी. देवकी."

"चारा आणलास म्हणं."

"आणला."

"काय भावानं?"

"तसाच दिला."

"फुकट?"

"फुकट."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. "बरी हायेस ना तू?"

मी हसले. तेही हसले असावेत, दात नव्हते म्हणून नीट कळलं नाही. मग मी काही न विचारता ते म्हणाले, "मी लई इचार केला. तीनच सांगितल्या हुत्या मी. चौथी न्हवती सांगितली."

मला वाटत आलं होतं की हे ऐकेन तेव्हा मी काहीतरी जिंकलेली असेन. मी खाटेच्या खुराजवळ खाली बसले. 

"सशाचं मला वाईट वाटलं हुतं, आबा," मी म्हणाले. "तवाच. त्या दिशी मी जेवले न्हवते."

"मग तवा कावून न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलंच न्हाई. तुमी चुकलं म्हण, म्हणालात."

 थोड्या वेळानं आबांना भूक लागली. सून यायला वेळ होता. मी उठले, त्यांच्या डब्यातलं पीठ घेतलं, दोन भाकरी केल्या आणि वाटीत दुधात कुस्करून आणल्या. घास तोंडाजवळ नेला तर त्यांनी मान मागे घेतली.

"कुणी केली?"

"मी."

"जळण कशाचं?"

"गॅस हाय, आबा. फाटी न्हाईत, किडा न्हाई, मुंगी न्हाई. निळी आग हाय."

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग तोंड उघडलं. तीन-चार घास झाल्यावर म्हणाले, "मीठ कमी हाय." मी उठून मीठ घालून आणलं आणि उरलेली भाकरी तिथेच खाली बसून स्वतः खाल्ली.

आबा त्यानंतर सव्वा वर्ष होते. मी दर महिन्याला गेले.

सांगलीकडचं माझं घर मी बांधलं. त्याची प्रत्येक वीट मी भाव करून आणली आणि तिथे माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवायची कुणाची छाती नाही. कुणी गाव विचारलं तर मी तेच नाव सांगते आणि ते खरंही आहे. बीडकडचं घर गोविंदाचं आहे, आणि त्यात माझा असा एक कोपराही नाही. तरी दुष्काळाची बातमी लागली की मी आधी त्याच जिल्ह्याचं नाव ऐकायला थांबते. गेले की माजघरात बसते, गोविंदाची बायको आत ताट आणून देते, आणि ती चांगली आहे, आग्रह करते. मांस, प्रसाद, पाणी, कुणी काही विचारत नाही. जेवण लवकर उरकतं.